दूरचा प्रवास आणि वाटाड्याची निवड

(नागरिकांच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जुन्या काळी रानातून वा माळावरून रात्रीची वाट चालणाऱ्या माणसाला कधी कधी 'चकवा' लागत असे. तासन् तास चालूनही तो पुन्हा पहिल्याच झाडापाशी येऊन पोहोचे. अशा वेळी काय करावे, हे जाणत्या मंडळींनी सांगून ठेवले होते. पुढे धावू नये, आहे तेथेच बसावे, उजाडण्याची वाट पाहावी आणि दिशा पक्की झाल्यावरच पाऊल उचलावे. चकव्यामागची भुताखेतांची कल्पना बाजूला ठेवली, तरी त्या सांगण्यातील शहाणपण खरे होते. आज प्रत्येकाच्या खिशात उपग्रहांचे संदेश टिपणारे यंत्र आले आहे. त्यामुळे चकव्याचा काळ संपला, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात तो संपलेला नाही. त्याने आपले रूप तेवढे पालटले आहे.

जानेवारी २०२१ मधील घटना अनेकांच्या स्मरणात असेल. पुण्याहून तिघे जण मोटारीने कळसूबाईच्या शिखराकडे निघाले होते. रात्रीची वेळ, अनोळखी मुलूख आणि हाताशी मोबाईलवरील नकाशा. अकोले तालुक्यात कोतूळजवळ नकाशाने दाखविलेला रस्ता ज्या पुलावरून जात होता, तो पूल धरणाच्या फुगवट्याखाली गेलेला होता. अंधारात मोटार थेट पाण्यात उतरली. दोघे पोहून बाहेर आले. गाडी चालविणारा मात्र बुडाला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील एका पुलावरून मोटार खाली कोसळून तिघांचा मृत्यू झाला. त्या पुलाचा भाग पुरात वाहून गेलेला होता, वाट अडविणारे पुरेसे अडथळे तेथे नव्हते आणि नकाशावर तो रस्ता अखंड दिसत होता.

दोन्ही घटनांमध्ये यंत्र बंद पडले नव्हते. ते अचूक चालू होते. मोटार कोठे आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की पुढे रस्ता उरलेला नाही. म्हणूनच यंत्र वापरावे की वापरू नये, हा वाद निरर्थक आहे. कोणते साधन कोणत्या कामासाठी, कोठपर्यंत विश्वासार्ह, हा खरा प्रश्न आहे. दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबाने त्याचे उत्तर घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी शोधले पाहिजे.

विचार स्पष्ट व्हावा यासाठी एक उदाहरण समोर ठेवू. पुण्याचे चौघांचे एक कुटुंब स्वतःच्या मोटारीने लेहला निघाले आहे. पुण्याहून मुंबई, अहमदाबाद, उदयपूर, जयपूरमार्गे दिल्ली. तेथून अंबाला, मंडी, कुलू, मनाली. आणि मग हिमालयाच्या पाच हजार मीटरच्या खिंडी ओलांडून लेह. या एकाच प्रवासात सहापदरी महामार्ग आहे, महानगरातील उड्डाणपुलांचे जाळे आहे आणि माणूस वा मोबाईलचे जाळे यांपैकी काहीच नसलेले उजाड पठारही आहे. साधनांची खरी परीक्षा अशाच प्रवासात होते.

चार प्रश्न, चार उत्तरे

वाटसरूला चार वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. पहिली गोष्ट स्थान, म्हणजे या क्षणी तो कोठे आहे. दुसरी नकाशा, म्हणजे भोवतालचा मुलूख कसा आहे. तिसरी मार्ग, म्हणजे कोठून जावे. चौथी गोष्ट त्या मार्गाची आजची अवस्था. मोबाईलच्या काचेवर या चारही गोष्टी एकाच निळ्या रेषेत मिसळून जातात आणि सारा घोटाळा तेथेच सुरू होतो. स्थान उपग्रह सांगतात, नकाशा कोणीतरी पूर्वी काढलेला असतो, मार्ग संगणकाने हिशेब करून सुचविलेला असतो. रस्त्याची आजची अवस्था मात्र बहुधा त्या परिसरात राहणाऱ्या माणसालाच ठाऊक असते. या चौघांवरील विश्वास सारखा असू शकत नाही.

स्थान : आकाशातील घड्याळे

अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीचे सुमारे तीस उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येक उपग्रह म्हणजे वस्तुतः एक अत्यंत अचूक घड्याळ होय. तो आपली वेळ आणि आपले स्थान अखंड प्रसारित करतो. संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून मोबाईल अंतर मोजतो. तीन उपग्रहांवरून स्थान निघते. मोबाईलच्या स्वतःच्या साध्या घड्याळातील चूक काढण्यासाठी चौथा लागतो. वेळेच्या मोजणीत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. यावरून या व्यवस्थेची नाजूकता कळावी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्थान कळण्यासाठी मोबाईलचे जाळे वा इंटरनेट लागत नाही. मोबाईल केवळ ऐकतो. तो उपग्रहाला काही पाठवीत नाही. जाळे असेल तर पहिले स्थान काही क्षणांत मिळते. नसेल तर उघड्या आकाशाखाली थोडा वेळ थांबावे लागते, एवढाच फरक. उघड्यावर साधारणपणे काही मीटरांपर्यंत अचूकता मिळते. मात्र उंच कड्यांमधील अरुंद दरीत संदेश परावर्तित होऊन येतात आणि चूक वाढते. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता यांत यंत्र गोंधळते, हा मुंबई-पुण्यातील नित्याचा अनुभव आहे. रोहतांगखालील अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या पोटात उपग्रह दिसत नाही. तेथे यंत्र केवळ अंदाज बांधते.

आणखी एक गोष्ट विसरता येणार नाही. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य नागरिकांसाठीच्या संदेशात हेतुपुरस्सर चूक मिसळत असे आणि त्यामुळे सुमारे शंभर मीटरचा फरक पडे. ज्याची घड्याळे, त्याच्या हाती किल्ली, हा त्यातील धडा आहे. भारताने स्वतःची प्रणाली उभारण्याचा निर्णय घेतला, तो याच जाणिवेतून. १ जुलै २०१३ रोजी या मालिकेतील पहिला उपग्रह सोडण्यात आला, २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा गेला आणि प्रणालीला 'नाविक' हे नाव मिळाले. भारत आणि सीमेपलीकडील सुमारे १,५०० किलोमीटरचा टापू हे तिचे कार्यक्षेत्र आहे. २०२० पासून बाजारात आलेल्या काही मोबाईल संचांत तिचे संदेश टिपण्याची सोय आहे.

अभिमान बाळगताना वस्तुस्थितीकडे डोळेझाक करू नये. पहिल्या पिढीतील अनेक उपग्रहांवरील परकीय बनावटीची आण्विक घड्याळे बंद पडली. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या नव्या पिढीच्या पहिल्या उपग्रहावर देशात बनलेले रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले, ही मोठीच गोष्ट होय. परंतु जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला दुसरा उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. स्वावलंबनाची वाट घाटासारखी वळणावळणाचीच असते. प्रवाशाच्या दृष्टीने इतके पुरे, की अमेरिकी, रशियन, युरोपीय, चिनी आणि भारतीय अशा एकाहून अधिक प्रणालींचे संदेश घेणारा मोबाईल दऱ्याखोऱ्यांत अधिक भरवशाचा ठरतो. नवा संच घेताना ही चौकशी अवश्य करावी.

नकाशा : कोणी, कधी काढला?

नकाशा आकाशातून पडत नाही. कोणीतरी पायपीट केलेली असते. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील मिलम गावचे पंडित नैनसिंह रावत १८६६ च्या जानेवारीत गुप्तपणे ल्हासाला पोहोचले. त्यांच्या हातातील जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. माळ पूर्ण झाली की दहा हजार पावले झाली. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात दडविलेले असत. पाणी किती तापमानाला उकळते, यावरून ते उंची काढीत. या कार्यासाठी १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. काचेवर बोट फिरविताच सरकणाऱ्या आजच्या नकाशामागे अशा अनेकांचे पाय झिजलेले आहेत.

१७६७ मध्ये स्थापन झालेल्या सर्व्हे ऑफ इंडियाने देशाची मोजणी केली. दीर्घकाळ तिच्या नकाशांवर कडक निर्बंध होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्याची आणि वापरण्याची मोकळीक दिली. आज सामान्य प्रवाशासमोर तीन प्रकारचे अंकीय नकाशे आहेत. 'गूगल मॅप्स' सर्वांच्या परिचयाचे आहे. गर्दीची ताजी माहिती आणि दुकाने, उपाहारगृहे यांच्या नोंदी हे त्याचे बळ. १९९५ पासून देशात नकाशांचे काम करणाऱ्या मॅपमायइंडियाचे 'मॅपल्स' हे दुसरे. तिसरा प्रकार २००४ मध्ये सुरू झालेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप' या स्वयंसेवकांच्या प्रकल्पावर आधारलेला. 'ऑर्गॅनिक मॅप्स', 'ओस्मअँड' यांसारखी साधने त्यातून नकाशे घेतात. एकदा उतरवून घेतले की ती इंटरनेटवाचून चालतात आणि डोंगरी पायवाटाही दाखवितात. एकाच्या नकाशात जे चुकले, ते दुसऱ्याच्या नकाशात बरोबर असू शकते. म्हणून दोन भिन्न उगमांचे नकाशे जवळ असणे शहाणपणाचे. एकाच उगमाचे दोन नकाशे घेऊन मात्र काहीच साधत नाही.

लेहच्या वाटेवर नकाशा आधीच उतरवून घेण्याला पर्याय नाही. केलाँग मागे पडले की लांबच लांब टप्प्यांत मोबाईलचे जाळे मिळत नाही. शिवाय अन्य राज्यांतील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड जोडणी लागते. उतरवून घेतलेले नकाशे कालांतराने शिळे होतात, हेही ध्यानात ठेवावे. निघण्याच्या आदल्या आठवड्यात ते ताजे करावेत आणि मोबाईलचे जाळे बंद ठेवून घरीच एकदा चाचणी घ्यावी. उतरवलेल्या नकाशावर मार्ग दिसतो. पुढची कोंडी वा बंद झालेला घाट दिसत नाही.

आणि कागदी नकाशा? त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. त्याला विजेची गरज नाही, तो तापून बंद पडत नाही आणि संपूर्ण मुलूख एका नजरेत दाखवितो. मोबाईल पुढचे वळण सांगतो. कागदी नकाशा प्रवासाचा आकार सांगतो. मागच्या आसनावरील मुलांच्या हाती तो दिला, तर उदयपूरनंतर काय, अरवली कोठे संपतो, बियास कोठे भेटते, हे त्यांना कळते. निळ्या बिंदूकडे पाहत वाढलेल्या पिढीला देशाचा भूगोल असा उमगणार नाही.

जुना नकाशा वापरताना एक खबरदारी घ्यावी. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले. पुणे-बेंगळुरूचा जुना ४ क्रमांकाचा महामार्ग आता ४८ आहे. मुंबई-गोव्याचा १७ हा ६६ झाला आहे. लोकांच्या तोंडी मात्र जुनाच क्रमांक असतो. नव्या क्रमांकांमागे एक सुटसुटीत सूत्र आहे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या प्रमुख महामार्गांना सम क्रमांक असून ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम महामार्गांना विषम क्रमांक असून ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. तीन अंकी क्रमांक म्हणजे फाटा, त्याचे शेवटचे दोन अंक मूळ महामार्ग सांगतात. हे सूत्र ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी रस्त्यावरील प्रत्येक फलक होकायंत्राचे काम करतो. या कुटुंबाने ४८, ४४ आणि ३ एवढे तीन आकडे पाठ केले, तरी पुण्यापासून लेहपर्यंतचा बहुतांश प्रवास त्यांच्या मनात उभा राहील. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. यंत्र 'सरळ चला' म्हणत असताना माथा पिवळ्याचा नारिंगी झाला, तर गाडी थांबवून विचार करण्याची ती खूण आहे.

मार्ग : मिनिटांचा हिशेब

संगणक मार्ग निवडतो तो मुख्यतः वेळेच्या हिशेबाने. दहा मिनिटे वाचतात म्हणून तो रुंद महामार्ग सोडून गावामागच्या अरुंद रस्त्याला लावू शकतो. गाडीत वृद्ध आहेत, चालक थकला आहे, पुढे रात्र आहे, हे त्याच्या हिशेबात नसते. यावर सोपा उपाय आहे. एकदम 'लेह' असे गंतव्य न देता दिवसाचा टप्पा द्यावा आणि मधली मोठी गावे स्वतः भरावीत. यंत्राने सुचविलेली वाट मान्य करण्यापूर्वी ती कोणत्या दर्जाच्या रस्त्यावरून जाते, हे पाहावे. अखेरचे पन्नास किलोमीटर उपग्रहचित्रावर डोळ्यांखालून घालावेत. महामार्गावर चूक क्वचितच होते. ती बहुधा या अखेरच्या टप्प्यात होते.

वेळेचे आकडेही तपासून घ्यावेत. मनाली ते लेह हे अंतर सुमारे ४३० किलोमीटर आहे. पुणे-बेंगळुरू मार्गावर हे एका दिवसाचे काम. येथे मात्र बारालाचा ला आणि ५,३२८ मीटर उंचीची तांगलांग ला लागते. वाटेतील ओढ्यांना बर्फ वितळून पाणी येते. सकाळी ते घोट्याएवढे असते, दुपारी उन्हे चढली की वाढते. ओढा तोच, नकाशा तोच. परंतु आठ वाजता जो रस्ता असतो, तो तीन वाजता नसतो. इंधनाचेही तसेच आहे. केलाँगजवळील तांदीच्या पंपावरचा, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारा फलक प्रवाशांमध्ये वर्षानुवर्षे प्रसिद्ध होता. असे फलक वाचून टाकी भरणे, हेही दिशादर्शनच होय.

आजची अवस्था : माणसाला विचारावे

चौथ्या प्रश्नाचे उत्तर माणसाकडे असते. पावसाळ्यात कोणता फरशी पूल पाण्याखाली जातो, हे गावातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. एसटीचा चालक, मालमोटारीवाले, ढाब्याचा मालक, नाक्यावरील पोलीस, लडाखमध्ये सीमा रस्ते संघटनेचे कामगार हे रस्त्याचे जिवंत वार्ताहर आहेत. विचारण्याचीही रीत आहे. "हा रस्ता अमुक गावाला जातो ना?" असे विचारले, तर भिडेखातर कोणीही "हो" म्हणतो. "हा रस्ता कोठे जातो? मोठी गाडी जाते का? आज कोणी गेले का?" असे विचारावे. एकाला नव्हे, दोघांना विचारावे. उत्तरे जुळली तर पुढे जावे.

वाट विचारण्यात कमीपणा मानण्याची वृत्ती अलीकडे बळावली आहे. यंत्र हाती आले आणि शेजारच्या माणसाशी बोलणे थांबले. पूर्वी वाट विचारता विचारता पाण्याचा तांब्या पुढे येई, गाव-पत्ता निघे, ओळख होई. देश कळतो तो अशा दोन शब्दांतून.

शिदोरी कशी बांधावी?

या साऱ्याचे तात्पर्य काय? चौघांच्या कुटुंबाने बरोबर न्यावयाची साधने फार नाहीत. भिन्न कंपन्यांच्या जोडण्या असलेले दोन मोबाईल. त्यांत भिन्न उगमांचे दोन उतरविलेले नकाशे. गाडीतील चार्जर आणि भरलेली एक पॉवर बँक. काचेजवळ उन्हात तापणार नाही अशा जागी बसणारी पकड. एक रस्त्यांची नकाशावही. आणि एका कागदावर हाताने लिहिलेला प्रत्येक दिवसाचा टप्पा, अंतर, इंधनाची ठिकाणे आणि दूरध्वनी क्रमांक. ११२ हा आपत्कालीन आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांचा साहाय्य क्रमांक त्यात असावा. तोच कागद घरी राहणाऱ्यांकडेही द्यावा. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षरी 'डिजिपिन' सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन नेमका सांगतो. मदत मागताना असा संकेत वा अक्षांश-रेखांश कळविता आले पाहिजेत.

दोन कायदेशीर गोष्टी. उपग्रहावरून बोलणारी वा संदेश पाठविणारी यंत्रे परवान्याविना बाळगणे भारतात गुन्हा आहे. परदेशातून येणारे आप्तेष्ट अशी यंत्रे आणीत असतील, तर त्यांना आधीच सावध करावे. केवळ उपग्रहांचे संदेश टिपणाऱ्या साध्या यंत्राला ही अडचण नाही. दुसरी गोष्ट अशी, की ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालविताना मोबाईलचा उपयोग केवळ मार्गदर्शनासाठी, तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करता येतो. म्हणून कामाची वाटणी करावी. चालकाने रस्ता पाहावा, शेजारच्याने नकाशा पाहावा. वाटाड्याचे हे पद घरातील एकाकडे सोपवावे आणि "थांबा" म्हणण्याचा अधिकारही त्याला द्यावा. तो अधिकार चौदा वर्षांच्या मुलीकडे असला, तरी तिने "थांबा" म्हणताच गाडी थांबली पाहिजे.

अखेरीस पुन्हा कोतूळच्या त्या रात्रीकडे वळावे लागते. उपग्रहांनी स्थान अचूक सांगितले होते. नकाशात पूल होता, कारण तो खरोखरच बांधलेला होता. संगणकाने हिशेब बरोबर केला होता. फक्त त्या रात्री पुलावर पाणी होते, आणि ते सांगणारे कोणी जवळ नव्हते. अशा वेळी काचेवरील रेषा आणि दिव्याच्या उजेडात दिसणारा रस्ता यांत मतभेद झाला, तर रस्त्याचे ऐकावे. पाणी दिसले, रस्ता संपल्यासारखा वाटला, बराच वेळ समोरून एकही वाहन आले नाही, की गाडी थांबवावी, मागे वळावे, जवळच्या वस्तीत रात्र काढावी आणि उजाडण्याची वाट पाहावी.

चकवा लागलेल्या वाटसरूला जाणत्यांनी हेच सांगितले होते. साधने बदलली, सांगणे बदललेले नाही.